धूळस्नानाची सोय

कोंबडीला काय लागतं, हे मला शिकवायला पुण्याहून एक संस्था आली. मला! दगडाबाईला! बिडकीनच्या बाजारात कुणालाबी इचारा, आजारी कोंबडी लोक डॉक्टरकडं नेत नाय, माझ्या दारात आणतात. मान वाकडी झाली, आणा दगडाबाईकडं. अंडं अडकलं, आणा दगडाबाईकडं. आन् मला शिकवणार कोण, तर पंचवीस वर्षांची पोरगी. तोंडाला फडकं आन् पायात निळ्या पिशव्या.

व्हय, पिशव्या. बुटावरून पिशव्या चढवल्या तिनं, आन् मगच शेडात पाय टाकला. मी म्हणलं, "मॅडम, आमच्याकडं एवढी घाण नाय." तर म्हणती, "घाण तुमची नाही काकू, माझी. बाहेरचा रोग माझ्या पायानं आत जायला नको." मी तोंडाला पदर लावून हसले.

ही ब्याद दारात आली कशी, ते आधी सांगते. आमचं घर धनगराचं. मालकाचं नाव बाईनं घ्यायचं नाय म्हणतात, पण एकदा घेते, म्हंजी तुमाला कळंल. पुंजाराम. झालं, आता नाय घेणार. मालकांची दोनशे मेंढरं व्हती. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे, ते पाऊस जवळ आल्यावरच घरी. पुढं चराईच्या रानात कंपन्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. जिथं मेंढरं चरायची, तिथं आता गेटं हायत, आन् गेटावर आमचेच भाऊबंद निळा ड्रेस घालून उभे हायत. मेंढरं विकावी लागली.

थोरले दीर आप्पा. एकदा ग्रामपंचायतीचे मेंबर झालते, तव्हापासून अजून उतरले नाय. ते म्हणले, "ह्याला गेटवर लावून देतो. माझा शब्द चालतो तिथं." मालक त्या दिवशी जेवले नाय. ज्या माणसानं तीन जिल्हे पायाखाली घातले, त्यानं बारा तास खुर्चीवर बसायचं आन् येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारीला सलाम ठोकायचा? मी म्हणलं, थांबा. मेंढरांचा वाडा रिकामा पडलाय, वर पत्रं हायत, आन् कोंबड्यांना माझा हात लागतो. एक दिवसाची पिल्लं आणली, बल्बाखाली ऊब दिली, वाढवली. तीनशे कोंबड्या अंड्यावर आल्या. मी मालकांना सांगितलं, आता गेटवर जायचं नाय म्हंजी नाय.

अंडी न्यायचा मुकुंदवाडीचा फकिरा. टेम्पोवाला, बोलायला गोड, ऐकायला बहिरा. तो आमची अंडी संभाजीनगरातल्या एका मोठ्या हॉटेलात घालायचा. त्या हॉटेलात कंपन्यांचे परदेशी साहेब उतरतात. आन् त्या साहेबांना म्हणे, कोंबडी सुखात व्हती का नाय, हे कळल्याबिगर अंडं गिळवत नाय. वा रे वा! तिचंच अंडं फोडून खाणार, पण ती आधी सुखात पायजे. फकिरा म्हणला, "मावशी, हॉटेलवाल्यांनी कागद मागितलाय. पुण्याची संस्था तपासणार, मग प्रमाणपत्र देणार. प्रमाणपत्र नसलं तर पुढच्या महिन्यापासून तुमचं अंडं बंद. आन् नुसत्या बाजारासाठी मी टेम्पो इकडं वळवू का, तुमीच सांगा."

म्हंजी कागद आला तर फकिरा येणार, फकिरा आला तर कोंबड्या राहणार, आन् कोंबड्या राहिल्या तरच माझा माणूस घरी राहणार. एवढी सरळ गोष्ट व्हती. म्हणून तर मी त्या पोरीला शेडात घेतलं.

वाघचौरे तिचं आडनाव. खुलताबादकडची, पण शिकली पुण्यात, त्यामुळं बोलणं सगळं धुऊन-इस्त्री केलेलं. तिनं फीत काढली आन् शेड मोजलं. कोंबड्यांच्या चोची बघितल्या, डोळे बघितले, पायाचे तळवे बघितले. पोरगी बघायला आलेले लोकबी एवढं बघत नाय. मग फायलीतून कागद काढला आन् म्हणली, "काकू, मुक्या प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये हा कायदा फार जुना आहे, साठ सालचा. आमच्या संस्थेनं त्यापुढं जाऊन कोंबड्यांसाठी मानकं केलीत. एकूण बारा बाबी आहेत. पहिली अडचण जागेची आहे. इथं तीनशे फार होतात. दोनशेपर्यंत चालतील."

"मग शंभर कुठं ठेवू, डोक्यावर?"

फकिराच तिला टेम्पोतून घेऊन आलता, तो खी खी करून हसला. आप्पा बाजेवर बसले व्हते, तेबी हसले. पोरगी हसली नाय. तिनं कागद माझ्या हातात दिला आन् म्हणली, "यातले काही शब्द जरा अवघड आहेत काकू. आमच्या ऑफिसातच भाषांतर केलंय. एकेक बाब समजावून सांगू का? दहा मिनिटं लागतील."

आता हे तिनं चांगल्या मनानं म्हणलं व्हतं. आज मला कळतं. तव्हा मला एवढंच ऐकू आलं की ही काल अंड्यातून बाहेर आलेली मला समजावणार. मी म्हणलं, "मला समजावती? बाई, तू अंड्यात व्हतीस ना, तव्हापासून मी खुडूक कोंबड्या बसवतीय. तुझ्या फायलीत नसंल एवढं माझ्या नखात हाय."

पोरगी कानापर्यंत लाल झाली. फाईल बंद केली, पायातल्या पिशव्या काढल्या, घडी करून बॅगेत ठेवल्या. "बरं काकू. पंधरा दिवसांनी तपासणीला येते. कागदावर खाली माझा नंबर आहे, काही अडलं तर फोन करा." गेली. ही गोष्ट मी त्या आठवड्यात बाजारात चार जणींना सांगितली, आन् दरवेळेला शेवटचं वाक्य थोडं वाढवून सांगितलं.

कागद वाचायचा मान आप्पांचा. आमच्या वस्तीवर सरकारी मराठी फक्त आप्पांना येती, असं आप्पांचं म्हणणं. चष्मा लावला, घसा साफ केला, आन् फर्मान वाचावं तसं सुरू केलं. बाब एक, पिंजरा नसावा. नव्हताच. बाब दोन, चोच कापू नये. कोण कापतं? बाब पाच, बसायला दांड्या असाव्यात. त्या बांधू. बाब सात, पक्ष्यास पायांना धरून उलटे नेऊ नये.

"मग कसं न्यावं?"

"काखेत घ्यायचं," आप्पा म्हणले. "लेकरासारखं."

माझी आजी कोंबडी पायाला धरून न्यायची, माझी आई तशीच न्यायची, मी तशीच नेत आले. आता या वयात कोंबडी कडेवर घेऊन मिरवायची. बरं बाबा, घेऊ. कागद पायजे ना.

बाब आठ जागेची. आप्पा म्हणले, "त्यात काय? तपासणीच्या दिवशी शंभर कोंबड्या माझ्या घरात डालून ठेवू. फीत लावून मोजू दे किती मोजायचं ते."

मी म्हणलं, "आप्पा, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? शंभर जणी तुमच्या माजघरातनं कालवा करतील, तव्हा काय खोकणार का तुमी?"

आप्पांनी ऐकलं नाय असं केलं आन् पुढं वाचलं. "बाब नऊ. पक्ष्यांकरिता धूळस्नानाची सोय असावी. तसेच तपासणीवेळी पक्षी प्रत्यक्ष धूळस्नान करताना आढळावेत."

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी आप्पांकडं.

"म्हंजी काय?" मी इचारलं.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सोपं हाय. धूळ, आन् स्नान. अंगावर धूळ बसली की स्नान. धुऊन काढायच्या."

"कोंबड्या? पाण्यात?"

"बैल धूत नाय का पोळ्याला? आन् कायद्यापुढं तुझी कोंबडी मोठी लागून गेली का?"

आन् तेवढ्यात आमचे मालक, जे इतके महिने कोंबड्यांच्या कामात नुसतं पाणी भरणे आन् माझ्या शिव्या खाणे एवढंच करत आलते, ते पुढं सरकले. डोळे चमकत व्हते. म्हणले, "मेंढरं धुतो तसंच की."

तुमाला ठाऊक नसंल तर सांगते. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. बंधाऱ्याच्या पाण्यात एकेक मेंढरू धरायचं, लोकर चोळायची, मळ सोडवायचा, नाकातोंडात थेंब जाऊ द्यायचा नाय. त्या कामात मालकांचा हात धरणारा चार गावांत कुणी नव्हता. दुसऱ्याच्या कळपाला लोक त्यांना बोलावून न्यायचे. मेंढरं गेल्यापासून ते दोन हात नुसते मांडीवर पडून व्हते. त्यांना वाटलं, कागदानं आपल्यालाच हाक मारली.

मला पटत नव्हतं. पन्नास वर्षांत कोंबडी आपणहून पाण्यात गेलेली मी बघितली नाय. पाऊस आला तरी आधी वळचणीला पळती. माझं तोंड बघून मालक म्हणले, "फोन लावू का मॅडमला? नंबर हाय की."

मी म्हणलं, "काही नको. तिला वाटंल, म्हातारीला एवढंबी कळंना."

हे आप्पा नाय म्हणले. मालक नाय म्हणले. मी म्हणलं.

मग लागलो तयारीला. दांड्या बांधल्या. पाण्याची भांडी घासली. शेडाच्या मागं चुलीच्या राखेचा आन् मातीचा एक ढीग व्हता, कोंबड्या दिवसभर त्याच्यात लोळून भुकटी उडवायच्या. तपासणीवालीच्या नाकात ती धूळ गेली तर उगं बाब तेरावी निघायची. मी तो ढीग उचलून लांब उकिरड्यात टाकला, त्यांनी पाडलेला खळगा बुजवला आन् वरून शेणानं सारवून घेतलं. कोंबड्या दोन दिवस तिथं येऊन सारवणावर पाय घासत व्हत्या. मी हुसकावून लावलं.

तपासणीला चार दिवस राहिले व्हते. आप्पा म्हणले, आज सगळ्या धुऊन काढू, म्हंजी वाळून चमकतील. त्या दिवशी दोन-चार पुन्हा तिच्यासमोर धुऊन दाखवू. सकाळी धुवायचं ठरलं, पण मोटारीला लाईट कुठाय? शेतीची लाईट त्या आठवड्यात दुपारची व्हती. तीनला लाईट आली, पाण्याची टिपाडं भरली, मी रिठ्याचं पाणी केलं. पौषातला दिवस तो, किती टिकतो?

मालकांनी बाह्या वर केल्या. काय सांगू तुमाला, ते काम बघण्यासारखं व्हतं. डाव्या हातानं पंख आवळून धरायचे, मानेपर्यंत पाण्यात, उजव्या हातानं पिसं उलटी चोळायची, एकदा, दोनदा, आन् हलक्यानं बाहेर. कोंबडी ओरडायचीबी नाय. मेंढरांशी बोलायचे तसं तिच्याशी बोलत व्हते, "झालं बाई, झालं, एवढंच." किती दिवसांनी त्यांचा आवाज मी एवढा ऐकला. मी कोंबड्या काखेत घेऊन आणून देत व्हते, ते धूत व्हते, आप्पा बाजेवर बसून मोजत व्हते. भिजलेली कोंबडी केवढीशी होती, माहीत हाय का? सगळा थाट पिसांचा, आत मूठभर जीव. मला हसू आलं. मी म्हणलं, "बघा आप्पा, मेंबरकी गेली की माणूस असाच दिसतो." आप्पा चिडले. मालक हसले. त्या दिवशी आमी हसत व्हतो, हे मला विसरता येत नाय.

तीनशे व्हायला दिवस मावळला. वारं सुटलं. कोंबड्या ओल्याच आत घेतल्या, दोन बल्ब लावले, जाळीला पोती बांधली. वाळतील म्हणलं सकाळपर्यंत.

सकाळी दार उघडलं तर शेड रिकामं. पार रिकामं. मग बघितलं, कोपऱ्यात ढीग. ओल्या कोंबड्या थंडीनं एकमेकींच्या अंगाखाली घुसत गेल्या व्हत्या, पहिली भिंतीला, दुसरी तिच्यावर, तिसरी तिच्यावर. माझ्या कमरेएवढा ढीग. वरच्या जित्या व्हत्या, आमच्याकडं टकामका बघत व्हत्या. खालच्या गुदमरून मेल्या. मी दोन्ही हातांनी ढीग उपसला. खाली गेलं तसं गरम व्हतं, आन् मग गरमबी नव्हतं.

मालकांनी एकेक उचलून बाहेर नेली. पाय धरून नाय, काखेत घेऊन. ओळीनं मांडली. एकशे सात. माझ्या हातनं वाढलेल्या, कोणती कोणाच्या मागं पळायची ते मला ठाऊक व्हतं. मी रडले नाय, मी शिव्या दिल्या. कायद्याला दिल्या, साठ सालाला दिल्या, पुण्याला दिल्या, ज्यानं कुणी कोंबडीला आंघोळ घाला म्हणून लिव्हलं त्याच्या सात पिढ्यांना दिल्या. त्या साहेबांना दिल्या ज्यांना सुखी अंडं लागतं. म्हणलं, मुडदा बशिवला तुमच्या सुखाचा! आप्पा म्हणले, "थंडीच जास्त पडली. कायद्याचा दोष नाय, हवामानाचा हाय." मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते उठून जेसीबी आणायला गेले.

मालक म्हणले, "मी धुतल्या." एवढंच.

शेडाच्या मागं सहा फूट खड्डा घेतला, सगळ्या घातल्या, चुना टाकला, माती लोटली. मोकळी भुसभुशीत माती, वर छोटा उंचवटा राहिला.

तीन दिवसांनी वाघचौरे मॅडम आली. तिचं थोबाड बघायच्या आधी मी ठरवलं व्हतं, अशी झाडायची की परत पुण्याच्या बाहेर पाऊल टाकणार नाय. पण समोर आली तव्हा शेडाच्या दाराशी मालक उभे दिसले. कागद नाय मिळाला तर हा माणूस गेटवर, हे डोक्यात आलं. जीभ दाताखाली धरली. आयुष्यात पहिल्यांदा, आन् दुखली बरं का.

पिशव्या घातल्या, आत गेली, मोजलं. "एकशे त्र्याण्णव! वा काकू, जागा अगदी बरोबर बसतीय. तुम्ही कमी केल्यात ना?"

"व्हय," मी म्हणलं. "कमी केल्या."

"आमी नियमाची माणसं," आप्पा मागून म्हणले. लाज तरी किती विकावी माणसानं.

दांड्या बघितल्या, टिक. चोची, टिक. एक कोंबडी मी काखेत घेऊन उचलली, त्यावर हसली, टिक. मग म्हणली, "आता नऊ. धूळस्नान." आप्पांनी माझ्या कानाशी येऊन इचारलं, "टिपाड आणू का?" पण पोरगी तोवर शेडाला वळसा घालून मागं गेली व्हती. आमी तिच्या मागं पळालो.

खड्ड्यावर वीस-पंचवीस कोंबड्या पडल्या व्हत्या. कुशीवर आडव्या, डोळे मिटलेले. पायानं ती भुसभुशीत माती उकरत व्हत्या, पंखाखाली घेत व्हत्या, अंगावर उडवत व्हत्या, आन् परत कूस बदलून लोळत व्हत्या. खाली कोण हाय, त्यांना काय ठाऊक. मला बघवंना. मी हुश हुश करत धावले.

पोरीनं माझा हात धरला. "राहू द्या काकू, राहू द्या! किती छान!" फोन काढला, फोटो घेतले, एक, दोन, चार. "हेच तर धूळस्नान! कोरड्या मातीत असं लोळलं की पिसांतले किडे मरतात. हीच त्यांची आंघोळ. सगळीकडं मला हे समजावून सांगावं लागतं, तुम्ही तर न सांगता सोय केलीत. माती मुद्दाम अशी मोकळी टाकली ना?"

लोळणं! एवढंच व्हतं ते! कोंबडी लोळती, आन् आमच्यात त्याला नावसुद्धा नाय. माझ्या आजीच्या अंगणात लोळायच्या, माझ्या अंगणात लोळायच्या, त्या राखेच्या ढिगात लोळायच्या. मी रोज बघत आले आन् रोज हुसकावत आले. त्याला तिकडं पुण्यात कुणी तरी धूळस्नान नाव ठेवलं, आन् तो कागद घेऊन आमच्या दारात आले. मी तिथंच मातीत बसले.

"खाली एकशे सात हायत, बाई." हे मालक बोलले.

पोरीला कळलं नाय. "एकशे सात काय काका?"

"कोंबड्या. कागदावर स्नान व्हतं. मी धुतल्या. सगळ्या धुतल्या, चांगल्या धुतल्या, पण रात्री गारठल्या."

तिनं फोन खाली घेतला. तोंडाचं फडकं काढलं. पहिल्यांदा तिचं तोंड बघितलं मी, पार लेकराचं व्हतं. माझ्याकडं बघून म्हणली, "मी सांगणार होते काकू. त्या दिवशी."

रागानं म्हणली असती तर मी तिला पुरून उरले असते. पण तिला राग नव्हता.

आप्पा खाकरले. "मॅडम, खड्डा सहा फूट हाय. चुनाबी टाकलाय. बाब अकरा, मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट, बरोबर ना?"

पोरीनं फाईल उघडली. बाब अकरा बघितली. बरोबर व्हती. तिच्या डोळ्याला पाणी आन् हातानं टिक. मग पेन तसंच धरून मला म्हणली, "कारण काय लिहू?"

"लिव्हा," मी म्हणलं. "दगडाबाईनं समजावून घेतलं नाय, म्हणून मेल्या, असं लिव्हा."

तिनं कागद वरपासून खालपर्यंत बघितला. "तसा रकाना नाही, काकू."

पुढच्या आठवड्यात फकिरा टेम्पोतून उतरला तोच हात वर करून. प्रमाणपत्र आलं! बारापैकी बारा! वर सोनेरी शिक्का, खाली कोंबडीचं चित्र. फकिरा म्हणला, "मावशी, नशीब काढलं. मॅडमनी काढलेला फोटो हॉटेलवाल्यांना एवढा आवडला की नाश्त्याच्या प्रत्येक टेबलावर ठेवलाय. आपल्याच कोंबड्या, मातीत लोळताना. खाली लिव्हलंय, सुखी कोंबड्या. साहेब लोक आधी फोटो बघतात आन् मग अंडं फोडतात." मी म्हणलं, साहेबांना म्हणावं, जरा खोल बघा. फकिराला कळलं नाय, तो अंडी भरू लागला.

मालक ऐकत व्हते. उठले, आत गेले, धुतलेला सदरा घालून बाहेर आले.

"कुठं निघाले?"

"आप्पाकडं. गेटचं सांगतो."

"आता कशाला? कागद आला की! त्याच्यासाठीच तर सगळं केलं!"

चप्पल पायात सरकवली त्यांनी. म्हणले, "कोंबड्या तू बघ. मी शेडात गेलो की त्या कोपऱ्यात पळतात."

खरं व्हतं. पाण्याची बादली घेऊन ते दारात आले की एकशे त्र्याण्णव कोंबड्या त्याच कोपऱ्यात जाऊन एकमेकींवर चढायच्या. मी बघितलं व्हतं, बोलले नव्हते. ते मेंढरामागं चालायचे तसे, मागं वळून न बघता, आप्पांच्या घराकडं निघाले. जाऊ नका, एवढं म्हणायचं व्हतं मला. पण ते म्हणायच्या आधी, तुमचं नाय, माझं चुकलं, हे म्हणावं लागलं असतं. मी उंबऱ्यात उभी राहिले, आन् ते काही माझ्या तोंडातून निघंना.